बिनकाट्याचा हलवा

आई, हलव्याला काटा येत नाहीये. आज पाचवा दिवस आणि चौथी परात. पहिलीत पाक घट्ट झाला आणि सगळे तीळ एकमेकांना चिकटून गोळा झाला, दुसरीत आच मोठी राहिली, तिसरी मी चिडून मोरीत ओतली, आणि ही चौथी आता ओट्यावर निवत पडली आहे. दाणे पांढरे झालेत, टपोरे झालेत, पण गुळगुळीत. एकालाही काटा नाही. उद्या संध्याकाळी सुकापूरला माझ्या नातीचं बोरनहाण आहे, आणि तिच्या अंगावर घालायचे हलव्याचे दागिने मी माझ्या हातांनी करून आणतो असं कबूल करून बसलोय. मी. ज्याने उभा जन्म कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकवर सळया चढवून घेण्यात घालवला आणि घरात कधी स्वतःचा चहाचा कपसुद्धा विसळला नाही. तुला हसू येईल. मला रडू येतंय, खोटं कशाला बोलू.

तू गेलीस तेव्हा पोरगी दीड वर्षाची होती. आता तिशी ओलांडली तिने. सहा वर्षांपूर्वी आपल्या मनाने लग्न केलं. मुलगा चांगला होता, आजही चांगलाच आहे, पण मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं, एवढ्यावरून माझं डोकं फिरलं. मी हॉलवर गेलो नाही. तिची आई एकटी गेली आणि परत आल्यावर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढे तीही गेली, दोन वर्षं झाली. तिच्या दहाव्याला आम्ही बापलेक शेजारी शेजारी बसलो आणि एक अक्षर बोललो नाही. नात झाली ते मला कुणाच्या तरी मेसेजवरून कळलं. बारशाला बोलावणं नव्हतं, तरी मी एक दुपटं घेऊन रिक्षाने तिच्या सोसायटीच्या गेटपर्यंत गेलो होतो. वॉचमनने विचारलं, कुणाकडे जायचंय? मी म्हटलं, चुकलो बहुतेक. आणि परत आलो. ते दुपटं अजून कपाटात आहे. हे तिला माहीत नाही.

आणि पंधरा दिवसांपूर्वी अचानक तिचा फोन. "बाबा, पिल्लूचं बोरनहाण करतेय. हलव्याचे दागिने तुम्ही करा." मी म्हटलं, अगं, बाजारात काय एकेक सुंदर मिळतात हल्ली. "विकतचे नकोत. माझे आजीने हाताने केले होते ना, तसे हवेत. आजी करायची तेव्हा तुम्ही शेजारी बसून सगळं बघितलंय, असं तुम्हीच सांगायचात. जमणार असेल तर या." जमणार असेल तर या. एवढं बोलून ठेवून दिला. सहा वर्षांनी पोरीने दार उघडलंय, आई, तेही जरासं, आणि मला आत जायला हलव्याचा काटा लागणार आहे. जमलं नाही तर ती पुन्हा फोन करेल असं मला वाटत नाही. मी तिला ओळखतो. माझ्यावरच गेलीय.

तिच्याकडे एक फोटो आहे. मोबाइल उघडला की तोच दिसतो म्हणे. पाटावर बसलेली दहा महिन्यांची ती, काळं झबलं, कपाळावर हलव्याची बिंदी, गळ्यात हार, दंडात वाक्या, कमरेला पट्टा, डोक्यावर नुकती ओतलेली बोरं आणि चुरमुरे, आणि भोकाड पसरलेलं. ती सगळ्यांना सांगते, ही माझ्या आजीची शेवटची भेट. बोलायला लागल्यापासून तिने हे माझ्याच तोंडून ऐकलंय. त्या फोटोतले दागिने तुझे नाहीत हे तुला माहीत आहे आणि मला. तिची आई होती, तिला माहीत होतं. आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

मला उरण नाक्याजवळच्या आपल्या त्या दोन खोल्या आठवतात. संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस तू शेगडीला राख लावून निखारे मंद करायचीस, त्यावर परात, परातीत मूठभर तीळ, आणि बाजूला वाटीत दुधाने मळी काढलेला पातळ पाक. एक चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचं. सुकले की पुन्हा एक चमचा. तीन तीन दिवस हेच. खाडीवरून दमट वारा सुटला की तू खिडकी लावून घ्यायचीस आणि आम्हाला दम भरायचीस, दार उघडं टाकू नका रे, काटा पडेल. घरात कुणाचीही पहिली संक्रांत असो, रोह्याच्या आत्याची सून असो नाहीतर मावशीचा नातू, दागिने तुझ्याकडूनच जायचे. सोनेरी कागदावर दोऱ्याने एकेक दाणा ओवलेले. कुणी म्हटलं की बाजारातून आणू, तर तू म्हणायचीस, बाजारवाल्याला काय माहीत बाळाचा गळा केवढा आहे. शिंप्यासारखी तू आधी जाऊन माप घेऊन यायचीस. मी हे सगळं बघितलं हे खरं आहे. पण दारातून, चपला घालता घालता बघितलं. शेजारी कधी बसलो नाही.

पोरीच्या बोरनहाणाचा तो दिवस मला विसरता येत नाही. सकाळचे दहा वाजलेत, माझी रजा आहे, दुपारी सासरची माणसं येणार आहेत, कामावरच्या शेठनाही बोलावलंय, आणि तू ताट माझ्यापुढे धरतेस. तुझ्या नातीचे दागिने. दाणे गुळगुळीत, काही पिवळट, एकालाही धड काटा नाही, दोरा दोन ठिकाणी वाकडा गेलेला. मी म्हणतो, "हे काय केलंस? हलवा आहे का साबुदाणा? चार माणसांत माझी अब्रू काढतेस?" तुझा चेहरा पडतो. पदराला हात पुसत तू म्हणतेस, "यंदा नाही रे आला काटा. नाही तर नाही. बाळाला टोचणार तरी नाही." मी तसाच स्कूटर काढून बाजारात जातो, चकाकता सेट घेऊन येतो, पांढराशुभ्र, काट्या-काट्यांचा, आणि माझ्या बायकोच्या हातात देतो. ती तुझ्याकडे बघते. मी म्हणतो, घाल. ती घालते. तू ताट उचलून आत जातेस आणि मग बाहेर येऊन बोरांचं मापटं हातात घेऊन पहिली बोरं तूच ओततेस, हसत. पोरगी रडायला लागते. सगळे म्हणतात, घाबरली, घाबरली. दागिने काढले तेव्हा तिच्या गळ्याभोवती लाल लाल टिपके उठलेले होते. तू खोबरेल तेल लावलंस.

तुझ्या बोटांना तेव्हा फोड होते. मी बघितले होते आणि मला वाटलं, म्हातारी झाली, आता हलगर्जीपणा होतो. त्या पावसाळ्यात तुला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, यांच्या बोटांची जाणीव गेलीय, साखरेमुळे होतं असं, वर्ष-दीड वर्ष तरी झालं असेल, तुम्हाला कधी बोलल्या नाहीत? परात किती तापलीय ते तुला कळतच नव्हतं, आई. भाजलेल्या बोटांनी तीन दिवस तू अंदाजाने तीळ फिरवत होतीस. आणि मी तुला साबुदाणा म्हणालो. श्रावणात तू गेलीस. मी माफी मागितली नाही. मागायची आहे हेसुद्धा मला तेव्हा कळलं नव्हतं, इतका मी गाढव.

आता माझ्या बोटांना फोड आलेत. मला तर सगळं कळतं, चांगलं कळतं, हात लावला की जीव जातो, तरी काटा येत नाही. मोबाइलवर चार बायकांचे व्हिडिओ बघितले. एक म्हणते पाक पातळ हवा, दुसरी म्हणते हात हलका हवा. हात हलका कुठून आणू? साठी उलटली, हे हात सळयांवर गेले. शेजारच्या वहिनी डोकावून गेल्या, म्हणाल्या, "भाऊ, कशाला जिवाला त्रास करून घेताय, विकत आणा की, कोणाला कळतंय?" मी त्यांना म्हटलं, नाही, तिला हाताचेच हवेत. तोंडाने हे म्हटलं खरं, पण खरं सांगतो, आज सकाळी मी बाजारात गेलो आणि सेट घेऊन आलो. तसाच. बिंदी, हार, वाक्या, पट्टा. ठरवलं होतं की खोका फेकून द्यायचा, त्यातले दाणे माझ्या सोनेरी कागदावर चिकटवायचे आणि मीच केले म्हणायचं. घरी येऊन हार तळहातावर घेतला आणि मूठ मिटली. टोचला. नात अकरा महिन्यांची आहे. तिचा गळा केवढा आहे तेही मला माहीत नाही, मी तिला अजून बघितलेलंच नाही.

मग मी पोरीला फोन लावला. ठरवून नाही लावला, हातातून लागला.

"झाले का, बाबा?"

"काटा येत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे गुळगुळीत झालेत. तुझ्या आजीचे झाले होते तसे."

"आजीचे कुठे गुळगुळीत होते? माझ्या फोटोत तर..."

"तुझ्या फोटोतले आजीचे नाहीत. आजीचे मला आवडले नाहीत. मी विकतचे आणून तुला घातले."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. नातीचा कसलासा आवाज आला, आपल्याच नादात बडबडत होती. मला वाटलं, फोन ठेवला हिने, संपलं सगळं. मी ओट्याला धरून उभा राहिलो.

"आईला माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे मला एकटीलाच माहीत नव्हतं." पुढे म्हणाली, "सगळ्यांना दाखवत फिरले मी तो फोटो. सासरी दाखवला."

चुकलो म्हणालो. माझ्या तोंडून हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला असेल. ती मग म्हणाली, "आणि आजीने केलेले होते, त्यांचं काय झालं?"

"मुंग्या लागल्या," मी म्हणालो.

"बरं. उद्या या. जसे झालेत तसे आणा, विकतचे आणू नका. आणि बाबा, अजून काही खोटं असेल तर आत्ता सांगून टाका. उद्या पिल्लूसमोर मला नको."

"नाही. आता काही नाही."

फोन ठेवल्यापासून मी इथे ओट्याशीच बसून हे लिहितोय. दुपार कलली. गुळगुळीत दाणे ओवायला घेतले पाहिजेत, नाहीतर तेही जमायचं नाही. उद्या मला तिच्या घरात घेणार आहे ती, मला नात बघायला मिळणार आहे, आणि तरी जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलंय. तिने दार उघडून सरळ विचारलं आणि मी त्याच दारात उभं राहून पुन्हा खोटं बोललो. उद्या तिच्या तोंडाकडे बघून खरं सांगणं मला जमेल असं वाटत नाही. म्हणून तुला सांगतो. हा कागद कुठे पोचणार नाही हे माहीत आहे म्हणून सांगतो.

मुंग्या लागल्या नव्हत्या, आई. बोरनहाणानंतर बायको पोरीला घेऊन आठ दिवस माहेरी गेली होती, घरात तू आणि मी. साखर वाया कशी घालवायची, म्हणून तू ते दागिने उसवलेस आणि रोज सकाळी माझ्या चहात साखरेऐवजी ते दाणे घालत गेलीस. तुला स्वतःला तर साखर बंद होती. पहिल्याच दिवशी मला कपाच्या तळाशी तीळ दिसले. मी गप्प प्यायलो, आठही दिवस. आणि कधी कप न विसळणारा मी, ते आठ दिवस, मी तीळ बघितले हे तुला कळू नये म्हणून, चहा झाला की उठून कप स्वतः विसळून ठेवत होतो. मी ओळखलंय हे तुला तेव्हाच कळलं असणार.