शिंपल्यांची तोंडं

३ मार्च
लिहीन लिहीन म्हणत आठवडा ढकलला. आळस, दुसरं काय. तर नोकरी लागली! मुलुंडला टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर, राहायला खोलीसकट. झकास. खाली जान्हवीताईची कॉलनी. तिच्या गॅलरीत वाळणारी माझी चड्डीसुद्धा इथून दिसते. आधी सांताक्रूझला कुरियर होतो, त्याआधी... जाऊ दे.

काम ऐकून हसूच आलं. काचेच्या पेटीत शिंपले, जिवंत, पाठीला वायर चिकटवलेले. टाकीचं पाणी आधी त्यांच्यावरून जातं. चांगलं असलं तर तोंड उघडं, खराब असलं तर बंद. सगळे मिटले की भोंगा वाजतो. मग मी कॉलनीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. देवव्रत साहेब म्हणाले, हे तुझे सीनियर. आम्ही मालवणची माणसं असले सीनियर खोबरं घालून खातो.

७ मार्च
भोंगा. व्हॉल्व्ह बंद केला. साहेब सुट्टीवर, फोन लागत नाही. पाणी बघितलं तर काचेसारखं. घोटभर प्यायलो, काही नाही. कॉलनीच्या सेक्रेटरी विमलाबाई फोनवर कडाडल्या, शिंपल्यांना विचारून आंघोळी करायच्या का रे आम्ही? बाई भिकार, पण मुद्दा बरोबर. ताईनेही झापलं: नित्या, बाळाची बाटली धुवायला पाणी नाही, आणि तू काय कालवणाची राखण करतोस?

८ मार्च
अजून मिटलेलेच. डोकं फिरलं. तिसऱ्यांचे शिंपले उघडून एकशिपी करताना आई विळीचं टोक फटीत घालायची; ती विळी आता ताईकडे. मी कटर घातला आणि प्रत्येकाच्या तोंडात टूथपिक उभी केली. भोंगा गप्प, पाणी सुरू. ताईला सांगितलं तर हसून लोळली. एवढ्यासाठी साहेब फॉरेनला ट्रेनिंगला गेले होते म्हणे. येडे.

१० मार्च
ताईकडे जेवायला गेलो. ती जेवली नाही. दातखीळ बसलीय, मोबाईलवर टाईप करून दाखवलं. नाटकी. विमलाबाईंचा फोन आला. नुसता नाकातून श्वास.

१२ मार्च
कॉलनीत आवाजच नाही. गॅलऱ्यांत माणसं उभी, तोंडं मिटलेली, सगळी टाकीकडे बघत. बाळ रडतंय— बंद तोंडाने.
धावत टूथपिक काढायला गेलो. नाहीत. सगळ्या मोडून तळाशी. शिंपले घट्ट, पाठीच्या वायरी सुटलेल्या, म्हणून भोंगा वाजलाच नाही—
व्हॉल्व्ह बंद केला. आता काय उपयोग.

१३ मार्च
चहाचा कप दातांवर आपटला. जबडा उघडत नाही. तो एक घोट—
दार वाजतंय. साहेब आले असणार, देवा, साहेबच—
नाही. ताई. टेकडी चढून, एकटी. तोंड मिटलेलं. एका हातात टूथपिकची डबी, दुसऱ्या हातात आईची विळ—