कोरडे आटे

फ्लेन्सबुर्ग, १५ ऑक्टोबर २००९

प्रिय फोल्कमार,

सहा वर्षांनी भाऊ पत्र लिहितो तेव्हा कुणीतरी गेलं असं वाटतं. तसं काही नाही. आम्ही सगळे धडधाकट आहोत, माझ्या बायकोचा, गेशेचा गुडघा तेवढा कुरकुरतो. रविवारी आईला ऐंशी पूर्ण झाली. तुझी खुर्ची कुणी मांडली नव्हती, हेही सांगून टाकतो.

कॉफीच्या वेळी शेजारच्या लोरेन्झेनबाईंनी तुझी चौकशी केली. आई म्हणाली, "थोरल्यानं नाव घालवलं. बसलाय तिकडे हुजुमला सायकली दुरुस्त करत. धाकट्याचं तसं नाही हो. त्याचा आकडा कधी चुकायचा नाही." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी आलुबुखाराच्या केकचा आणखी एक तुकडा वाढून घेतला. माझी मर्दुमकी एवढीच.

मला तुझा राग येतो. तुझं वाटोळं करून वर रागही मीच धरायचा, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. पण येतो.

कीलच्या बंदरावरची ती भिंत आठव. तीन मजली काच, खांब एक नाही, सगळा भार बोटाएवढ्या स्टेनलेसच्या सळयांच्या ताणावर. आट्यांना वंगण लावल्याशिवाय नट फिरवायचा नाही, हे तूच मला शिकवलंस. कोरडे ठेवले की हे पोलाद पोलादालाच चावतं. पाना अडतो, माणसाला वाटतं सळई ताणली गेली. प्रत्यक्षात नुसते आटे जाम झालेले असतात.

वंगणाचा डबा खाली गाडीत राहिला होता. शुक्रवार होता, आणि शुक्रवारी एक वाजला की ज्याचा तो मोकळा. कोण उतरणार म्हणून मी चार नट कोरडेच फिरवले. चारही जाम. ते कापून नवे मागवायचे म्हणजे काम आठवडाभर लटकलं असतं आणि तू मला सगळ्यांदेखत सोलून काढलं असतंस. मी ताण मोजायचं यंत्र सळईला लावलंच नाही. वरून आकडे वाचून दाखवले, खाली तू लिहून घेतलेस. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं आणि सही करायची, ही आपली पद्धत.

सही करण्याआधी तू शिडी चढून वर आलास. सगळ्यात जवळच्या सळईवर पान्यानं टिचकी मारलीस. ताणलेली सळई खणखणते, ही बद्द वाजली. तू माझ्याकडे बघून विचारलंस, "मोजलंस ना?" मी म्हणालो, "मोजलं." तू सही केलीस.

नोव्हेंबरच्या वादळात काच निखळली आणि सफाईवाल्या बाईचा खांदा मोडला. चौकशीत तू एवढंच म्हणालास, "सही माझी आहे." आकडे कुणी वाचले, ते नाही सांगितलंस. तुझी नोकरी गेली. तुझी जागा कुणाला मिळाली ते तुला ठाऊक आहे.

तू बोलला असतास तर मी तुला शिव्या घातल्या असत्या, तुझ्याशी भांडलो असतो आणि एव्हाना आपण दोघं कुठेतरी बिअर पीत बसलो असतो. तू गप्प राहिलास आणि मला सहा वर्षं भला माणूस म्हणून जगायला लावलंस. ही माया होती की सूड, ते मला अजून कळलेलं नाही. त्या बाईला मात्र अजूनही हात वर नेता येत नाही. मी विचारून आलो.

मंगळवारी चौकशीच्या कचेरीत जाऊन सगळं सांगितलं. साहेब सभ्य होता. "प्रकरण मिटलंय," म्हणाला. "भिंत दुरुस्त झाली, बाईंना भरपाई मिळाली. आता उकरून कुणाचं भलं होणार?" त्यानं मला दारापर्यंत पोचवलं. कधी नव्हे ती शिक्षा मागायला गेलो, तर तीही मिळाली नाही.

राहता राहिली आई. तिच्यासाठीही पत्र लिहिलं. ते याच पाकिटात घालणार होतो. तिला द्यायचं की फाडायचं, ते तू ठरवावंस म्हणून. पाकीट चिकटवताना ध्यानात आलं, मी पुन्हा तुझीच सही मागतोय. म्हणून ते आज सकाळी तिच्या दारावरच्या टपालपेटीत टाकून आलो.

ती आधी तुलाच फोन करेल. "एकार्ट लिहितो ते खरं का रे?" म्हणून विचारेल. तू थोरला आहेस, सवयीनं काहीतरी सावरून घेशील.

या वेळी मला पाठीशी घालू नकोस.

न मोजता आकडे सांगणारा तुझा भाऊ,
एकार्ट