यंदाच्या अध्यक्षांचा शिक्का न मिळण्याबाबत

दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. विभागप्रमुख,
गृहनिर्माण विभाग,
मिनागिहारा नगर कार्यालय

विषय : संमतिपत्रावर शिक्का मारण्यास नकार, तसेच किकुचीसान यांच्या गळक्या छपराबाबत.

संदर्भ : १) आपले पहिले पत्र (अत्यंत विनम्र). २) आपले दुसरे पत्र (तितकेसे नाही).

महोदय,

आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर 'कोणत्याही भाषेतील अर्ज स्वीकारले जातील' अशी पाटी आहे. अर्जदाराने ती खरी मानली आहे.

१. अर्जदार यामिनी नचिकेत कर्णिक, मूळ मुक्काम मुलुंड, ही आपल्या हद्दीतील तात्पुरत्या वसाहतीत सहकुटुंब राहते. दुसरे महायुद्ध संपल्यावर मांचुरियातून परतलेल्या बेघर कुटुंबांसाठी ही घरे काही महिन्यांपुरती उभारण्यात आली होती. पुढे घरे कुटुंबांची झाली, जमीन आपलीच राहिली. अर्जदाराचे पती सेंदाईला विद्यापीठात संशोधक आहेत. तेथे घर शोधताना प्रत्येक घरमालकाने फोडणीच्या वासाविषयी चिंता व्यक्त केली. याच वसाहतीतल्या किकुचीसानांनी मात्र शेजारचे आपल्या दिवंगत भावाचे घर दाखवले आणि "वास आला तर मी जेवायलाच येईन" एवढीच अट घातली. ती अट त्या काटेकोरपणे पाळतात.

२. येथील रहिवासी मंडळाचे अध्यक्षपद निवडणुकीने मिळत नाही. ते दरवर्षी एका दारावरून पुढच्या दारावर सरकते. एप्रिलमध्ये ते कर्णिकांच्या दारी आले. अर्जदाराने जपानी वाचता येत नसल्याची सबब सांगून पाहिली. "ओनोसानांना चष्म्याशिवाय दिसत नाही, तरी त्यांनी कितीदा केलंय," असे सांगून किकुचीसानांनी बिस्किटांच्या डब्यातला मंडळाचा शिक्का काढून अर्जदाराच्या तळहातावर ठेवला. जळणारा कचरा कोणत्या वारी आणि बाटल्या कोणत्या वारी, एवढ्यावर आपली कारकीर्द संपेल अशी अर्जदाराची समजूत होती.

३. जूनमध्ये आपल्या कार्यालयाचे सकातासान आपले पहिले पत्र, केकचा खोका आणि संमतिपत्र घेऊन आले. केक उत्तम होता. संमतिपत्रात 'सर्व रहिवासी स्वखुशीने जागा रिकामी करीत आहेत' असे वाक्य असून त्याखाली अध्यक्षांच्या शिक्क्यासाठी एक सुबक गोल आखलेला आहे.

वस्तुस्थिती अशी की वसाहतीत आता तीनच घरे नांदती आहेत. ओनोसान निवृत्त बसचालक आहेत, त्यांचे गुडघे गेले आहेत, त्यांना लिफ्टची इमारत हवी आहे आणि ते खरोखर स्वखुशीने जात आहेत. कर्णिक मंडळी कुठेही भात लावू शकतात. राहिल्या किकुचीसान, वय चौऱ्याऐंशी. त्यांना देऊ केलेला सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट त्या पाहून आल्या. त्याविषयी त्या म्हणाल्या, "लहानपणी मला बोटीत बसवलं, तेव्हा म्हणाले, थोडेच दिवस. मग शाळेच्या व्यायामशाळेत झोपवलं, तेव्हाही थोडेच दिवस. मग इथे आणलं. आता कुठे मला इथली सवय होतेय, यामिनीसान."

हे ऐकल्यावर 'सर्व' आणि 'स्वखुशीने' या दोन शब्दांवर शिक्का उमटवणे अर्जदाराला जमलेले नाही.

४. शिक्का मिळत नाही म्हटल्यावर आपले दुसरे पत्र आले. येत्या मंगळवारी तपासणी होईल आणि छप्पर गळके आढळल्यास घर राहण्यास अयोग्य ठरवून संमतीविना रिकामे केले जाईल, असे त्यात आहे. अर्जदाराने तत्काळ छप्पर दुरुस्तीची परवानगी मागितली. सकातासान खिडकीपलीकडून खेदाने मान लववून म्हणाले, "तात्पुरत्या बांधकामाला दुरुस्ती लागू होत नाही." म्हणजे दुरुस्ती नाही म्हणून छप्पर गळते आणि छप्पर गळते म्हणून बाईंनी जायचे. अर्जदाराची कन्या कश्मिरा ही दुभाषी म्हणून सोबत होती. तिने हे वाक्य मराठीत आणण्याचा प्रयत्न केला आणि "आई, ते जपानीतही असंच आहे," असे सांगून हात टेकले.

५. याच सुमारास आपल्या नगर संग्रहालयात 'युद्धोत्तर बेघरांचे जीवन' हे दालन उघडले. तेथे आमच्या घराची हुबेहूब प्रतिकृती असून तिचे छप्पर गळत नाही, आत वातानुकूलन आहे आणि आगीचा गजरही आहे. उद्घाटनाला सन्माननीय पाहुण्या म्हणून किकुचीसानांना बोलावले होते. त्यांनी आत शिरून छत न्याहाळले आणि येथे राहायला आले तर चालेल का, अशी विचारणा केली. त्यावर संग्रहालयाच्या बाईंनी हसतमुखाने कळवले की तेथे राहता येत नाही, कारण ते बांधकाम कायमस्वरूपी आहे.

६. यावर अर्जदाराने पुष्कळ विचार केला. नगरपालिका ही घरे दुरुस्त होऊ देत नाही, परंतु त्यांच्या प्रतिकृती करण्यास तिचा विरोध तर नाहीच, उलट उत्साह आहे. सबब, रहिवासी मंडळाने रीतसर सभा घेऊन (उपस्थिती : सर्व) असे ठरवले आहे की येत्या रविवारी किकुचीसानांच्या घराच्या छपराची हुबेहूब प्रतिकृती तयार करावी. जागा : जुन्या छपराचीच. या ठरावावर शिक्का मारण्यात आला आहे, आणि तो फार छान उमटला आहे.

कामासाठी टोकियोहून कर्णिकांच्या परिचयाचे, बँकेतले हरीश आणि सेंदाईहून संशोधक विद्यार्थी वरद व अनुराग येत आहेत. तिघांनाही छपराचा काडीचा अनुभव नाही. तो ओनोसानांना आहे. त्यांचे सामान बांधून झाले असले तरी "वर चढणार नाही, पण शिडी धरून शिव्या देईन," असे त्यांनी मान्य केले आहे.

७. हा अर्ज परवानगीसाठी नाही, माहितीसाठी आहे. मार्चनंतर नवे अध्यक्ष येतील तेव्हा पाहू, असा आपला विचार असल्यास नोंद घ्यावी की पुढचे दार किकुचीसानांचे आहे.

८. मंगळवारी तपासणीला जरूर यावे. संग्रहालयातल्या घरात बूट घालून फिरता येते, असे कळते. येथे मात्र आपल्या अधिकाऱ्यांनी ते दारातच काढावेत. आत माणूस राहतो.

आपली नम्र, आणि आहे तिथेच असलेली,

यामिनी नचिकेत कर्णिक
अध्यक्ष (पाळीने), रहिवासी मंडळ

सोबत : संमतिपत्र, गोल रिकामा.