मेजाचा शब्द

९ जून, सोमवार

प्रिय भाऊजी,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुम्हीही ठीक असाल, कारखान्यात लाकूडकाम भरपूर असेल आणि जेवणाच्या वेळा तुम्ही अजूनही पाळत नसाल. पत्रास कारण की, एवढं लिहून पेन थांबलंय. कारण आहे, पण ते पटकन कागदावर उतरत नाही. तोवर बाकीचं सांगते.

तुम्ही बनवलेलं मेज अजून डुगडुगतं. एवढे नावाजलेले सुतार, आणि सख्ख्या भावाच्या घरी एक पाय आखूड! खाली पुठ्ठ्याची घडी घालते, ती चपटी होते, पुन्हा घालते. कडेची पट्टी मात्र अशी बेतलीत की आजवर एक फासा खाली पडलेला नाही. आमची चिमणी आता नोकरीला लागली, तरी रविवारी दुपारी मेजापाशी बसतेच. हल्ली खेळ तीच चालवते.

इथे तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. खेळाच्या त्या जाडजूड पुस्तकातलं जग आवाज बदलून बदलून उभं करायचं ते तुमच्या दादांनी, आणि आपण एकेक पात्र घेऊन फासे टाकायचे, ही आपली रीत. दादा असताना चिमणी का? सांगते. आधी त्या रविवारबद्दल बोलू द्या. चार वर्षं या घरात तो विषय कुणी काढलेला नाही.

धाकटीने, माझ्या जावेने, बंदरावरची दिवेवाली निवडली, तेव्हाच यांनी तिला बजावलं होतं. पुस्तकाच्या तिसऱ्या भागात वादळ येतं, दीपगृह कोसळतं, दिवेवाली त्यात जाते. ज्यांनी ज्यांनी हे पुस्तक घेतलंय त्या सगळ्यांच्या घरी ती मेलेली आहे. त्यावर तुमची ही बायको काय म्हणाली आठवतं? "त्यांच्या घरी मरू दे. आपल्या घरी मेज आहे ना!"

तो नियम तिचाच. कुणी 'पुस्तक' म्हटलं की छापलंय तसंच घडायचं. कुणी 'मेज' म्हटलं आणि सगळ्यांनी, अगदी खेळ चालवणाऱ्यानेही, उजवा हात मेजावर ठेवला की छापलेलं रद्द. माझ्या भाजीत मीठ जास्त पडलं तेव्हाही तुम्ही सगळ्यांनी 'मेज' म्हणून ते बरोबर ठरवलं होतंत.

मग वादळ यायच्या आधी आपली धाकटीच गेली. आणि काही महिन्यांनी आपण पुन्हा खेळायला बसलो, तर नेमकं वादळ आलं. तुम्ही 'मेज' म्हणालात. तुमचा हात पडला, माझा पडला, चिमणीचा पडला. यांचा हात पुस्तकावरच राहिला. "पुस्तक," म्हणाले. "ती मरते." तुम्ही उठलात, चपला घातल्यात आणि गेलात. तुमचा नावाडी अजून होडी घेऊन तसाच खाडीत आहे.

मीही तेव्हा यांना दगड म्हटलं. जन्मभर मुद्रितं तपासलेला माणूस, मुळात आहे त्याच्यापुढे एक काना जायचा नाही. पण पुढे एकदा भांडी पुसता पुसता आपणहून म्हणाले, "दिवेवाली जगली असती तर दर रविवारी तिच्या तोंडचं मला बोलावं लागलं असतं गं. त्याच्यासमोर बसून धाकटीच्या आवाजात मी काय बोलणार होतो?" मी म्हटलं, हे त्याला सांगा. म्हणाले, "सांगेन." मग सांगेन, सांगेन असंच चाललं. भाऊजी, मला त्याचंच फार वाईट वाटतं. सांगायला वाचा होती तेव्हा ती वापरली नाही.

आता कारण. मार्चमध्ये यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. जिवाला धोका नाही. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुमचं नाव काढलं की हे मान फिरवून डोळे पुसायचे, आणि नको म्हणताहेत की बोलाव म्हणताहेत हेच मला उमगेना. रागवा माझ्यावर, पण पत्र वाचून झाल्यावर.

त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता. पुस्तक. पाणी हवं, तरी पुस्तक. खिडकी लाव, तरी पुस्तक. पहिल्यांदा आम्ही खरंच पुस्तक आणून हातात दिलं, तर भिरकावून दिलं. आम्हाला हसू आलं, तेही हसले आणि मग रडले.

काल चिमणीने मला न विचारता तोच प्रसंग मांडला. वादळ, बंदर, कोसळायला आलेलं दीपगृह. ती म्हणाली, "बाबा, दिवेवाली जिन्यावर आहे. पुढे काय होतं?" म्हटलं, आता तोच शब्द येणार, दुसरा कुठून येणार? हे बराच वेळ ओठ जुळवत राहिले. आणि म्हणाले, "मेज."

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंना आज फोन केला. त्या म्हणाल्या, "एखादा शब्द असाच निसटतो हो, त्यावर इमले बांधू नका." खरंही असेल. म्हणून त्या शब्दाच्या भरवशावर मी तुम्हाला बोलावत नाही. पण त्यानंतर यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मांडीवरून उचलला आणि मेजावर ठेवला. तो घसरला. पुन्हा उचलला आणि तुमच्या त्या कडेच्या पट्टीला अडकवून ठेवला.

मग चिमणीने ठेवला, मी ठेवला. पण नियम सगळ्यांच्या हातांचा आहे, त्यामुळे दिवेवाली अजून जिन्यावरच थांबली आहे. येत्या रविवारी दुपारी या. येताना रंधा आणा, पायाचंही बघून टाका. त्यांना तुमच्याशी काही बोलता येणार नाही, तेव्हा तुम्हीही काही बोलू नका. नुसते शेजारी बसा.

मेज,
तुमची वहिनी