सेइजींनी जोडून ठेवलेल्या वायरी

मी, फुमिए शिगेता, वय एकोणसत्तर, राहणार हामामात्सू, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. शाळेत नन्सनी घोटून घेतलेले अक्षर अखेर कामी आले.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगा हारुताका याला मिळावी. अंगणातले संत्र्याचे झाड त्याने तोडू नये.

२. माझा सिंथेसायझर, म्हणजे वायरींनी जोडायच्या सुट्या भागांचे कपाट, आणि माझे दिवंगत पती सेइजी यांची गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेडले ही एकच मिळकत समजावी. दुकानदार ती वेगवेगळी मागतील. देऊ नये.

लग्नानंतर कितीतरी वर्षे या दोन वाद्यांचे जमत नव्हते. कपाटाचा आवाज थेट पेडलमध्ये सोडला की ते नुसते किंचाळे.

"तुझं कपाट ओरडतं. माझी पेडलं कुजबुजीवर वाढलीत," सेइजी म्हणायचे.

"कपाट माझ्या माहेरचं आहे ना, म्हणून."

मग त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक जोडणी बसवली. पेडलकडे जाताना ती आवाज लहान करी, परतताना मोठा. त्या दुपारी माझा एकच सूर त्यांच्या प्रतिध्वनीच्या पेडलमधून फिरून आला. शाळेच्या चॅपलमध्ये ऑर्गन थांबल्यावर छताखाली जे उरायचे, ते आमच्या चटईच्या खोलीत भरून राहिले. ऐकण्याच्या नादात भात करपला. शेजारचे इनागाकी कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, घरात देवमासा पाळलाय का?"

३. सेइजींनी जाण्यापूर्वी केलेली वायरींची शेवटची जोडणी अजून तशीच आहे. असल्या कपाटाला आठवण नसते. वायर उपसली की तो आवाज गेला. बटण दाबले की तो येतो, थंडीत जरा निराळा, पण येतो. मी दर वेळी उठून बसते.

हारुताका म्हणाला, "आई, फोटो काढून ठेवू. विकलं तरी पुन्हा तसंच जोडता येईल."

"फोटोत वायरी दिसतील. बाबा दिसतील का?" सून रिन्का म्हणाली, आणि चहा गार होईपर्यंत ऐकत बसली.

म्हणून ही मिळकत, डब्यासह, रिन्काला. हारुताकाने रुसू नये. त्याला लहानपणापासून शांतता आवडते. ती घराबरोबर मिळेल.

४. रिन्काने हे देव्हाऱ्यासारखे जपू नये. सेइजी दर रविवारी सगळ्या वायरी उपसून नव्याने मांडत. तिने पोटभर ऐकावे आणि स्वतःचा आवाज शोधावासा वाटेल त्या दिवशी पहिली वायर काढावी. मला ते जमले नाही.

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. हा आवाज ऐकलेली दोन माणसे मात्र हवीत, म्हणून:

काझुमा इनागाकी, शेजारी
मियोको त्सुगे, शाळेपासूनची मैत्रीण

फुमिए शिगेता (शिक्का)
हामामात्सू, रेइवा सातवे वर्ष (२०२५), ११ नोव्हेंबर