अनूच्या खोलीत दुसरी गादी

२ जून, सोमवार
पाटीलसरांबरोबर डोळखांबकडच्या पाड्यांवर. दर वर्षीचं काम. बारावी झालेली मुलं गाठायची, आमच्या कॉलेजात बी.ए.ला या म्हणायचं. अर्थशास्त्राला मुलं कमी पडली तर विभाग बंद, मीही घरी. सर जीपमध्ये म्हणाले, "मॅडम, तुमची अनू मी यादीत धरलीच आहे हां." हसले. मीही हसले. तिला पुण्याला जागा मिळालीय हे अजून कॉलेजात सांगितलेलं नाही. का नाही?

शेवटचं घर संगीचं. बारावीला माझ्याच वर्गात होती, प्रश्न विचारून भंडावणारी. बाप म्हणाला, "रोजचं येनंजानं नाय जमायचं, बाई. तुमची पोर कुठं जानार?"
मी बोलायच्या आत सर, "आमच्याकडेच की!"
"मंग झालं. संगी ऱ्हाईल तुमच्या घरी, तिच्यासंगं. दोघी जातील, दोघी येतील. एकटी नाय ठेवायचो मी."
मी गप्प. इकडे गप्प बसणं म्हणजे शब्द दिला. लग्नंही अशीच ठरतात. हे मला पक्कं माहीत होतं.

४ जून
अनूला सांगितलं. ती, "आई, संधी खर्च तूच शिकवलास ना? एक निवडलं की दुसरं हुकतं, तो खर्च. हा कुणाच्या नावावर टाकायचा? माझ्या की संगीच्या?"
पुण्याला गणित आहे, सांख्यिकी आहे. आमच्याकडे मुलं गाइडवर पास होतात आणि मी होऊ देते. फरक माझ्याइतका कुणाला कळणार?
ह्यांना विचारलं. "तुझा विभाग, तुझी मुलगी." पेपर परत वर.

५ जून
खरं सांगायला फोन केला. संगीनेच उचलला. "मॅडम, मी कपाटात जास्त जागा नाय घेनार हां." बापाला दे म्हणायचं होतं. जेवलीस का विचारून ठेवला.

८ जून, रविवार
बाप तिला घेऊन आला. एसटीतून गादी, नाचणीच्या पिठाची पिशवी. चहा पिताना अनूला म्हणाला, "तू पुन्याबिन्याला नाय ना पलनार? मंग आमची लगेच उचलनार हां!" एकटाच हसला.
अनू म्हणाली, "काका, बिस्किट घ्या."
पुण्याची फी भरायची मुदत उद्या संध्याकाळपर्यंत.

९ जून
सकाळी अनू: "तू सांग. सांगशील ते करते." म्हणजे सगळं माझ्यावर. राहा म्हटलं तर ते संगीसाठी, नोकरीसाठी, की मुलगी डोळ्यांसमोर असावी म्हणून? वेगळं काढून बघितलं. निघत नाही. जा म्हटलं तर संगी पुढच्या आठवड्यात भाताच्या पेरणीला, आणि मग लग्न.

दुपारी खोलीतून दोघींचं हळू बोलणं. अनूने तिला सांगितलेलं दिसतं. थोड्या वेळाने संगी स्वयंपाकघरात आली. ओट्यावरची भांडी उगाच सरळ करत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली,
"अनूला जाऊ द्या मॅडम. बाबाला सांगू नका फक्त. तो काय रोज येतोय? आला तर सांगू, लायब्रीत गेलीय."
"आणि कळलं तर?"
"तवर परीक्षा तरी होईल की एक."

मी गप्प बसले.

तिने ते ऐकलं. मान हलवून आत गेली. आता अनू फोन हातात धरून दारात उभी आहे, आणि फी भरायचं पान उघडून माझ्याकडे बघतेय.