कोकमगोळी बाद

२१ सप्टेंबर, रविवार

एप्रिलनंतर आज उघडली ही वही. चुकलं माझं. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे कंटाळा केला.

दिवाळीच्या स्टॉलवर चाळीने काय बनवून विकायचं, यासाठी बिननावाच्या चिठ्ठ्या मागवल्या होत्या. एकतीस आल्या. त्यातून तीन निवडायच्या, पुढच्या रविवारी चाळीचं मतदान. निवडणार कोण? मी! माझा कॅरमचा जोडीदार निलेश म्हणाला, "दीपक कॅरममध्ये स्वतःचा फाऊल स्वतः सांगतो." झालं, सगळ्यांनी हात वर केले.

जिंकेल त्याने स्टॉल चालवायचा. माझ्या बायकोनेही, प्रितीने, चिठ्ठी टाकली आहे. कुठली ते सांगू नकोस म्हटलं. "सांगतंय कोण!" पण डोळे चमकत होते. शाळेतली नोकरी सुटल्यापासून तिला काही इतकं हवंसं वाटलेलं मी पाहिलं नव्हतं.

२३ सप्टेंबर

सुक्या बोंबलाच्या वासाची उदबत्ती! खाली लिहिलंय, "गावची आठवण." हसून बाद केली. मग वाटलं, हसू येणं हे काय कारण झालं? तळमजल्यावरच्या नानांना विचारलं. "दोन पुडे घेईन. सून माहेरी तरी जाईल."

बाद. कारण : शेजारी.

२४ सप्टेंबर

चाळीतल्या भांडणांच्या रिंगटोन. बाद. अर्ध्या आमच्याच घरातल्या निघाल्या असत्या.

२५ सप्टेंबर

चिठ्ठी सतरा : कोकमगोळी. पाण्यात टाकली की सरबत. सगळ्यांत चांगली! आणि प्रितीचीच — घरातलं कोकम आठवड्यात संपलं ते उगाच? बायकोची चिठ्ठी मीच पुढे पाठवू?

बाद केली. कारणं फळ्यावर लावायची असतात. लिहिलं, "गोळी ओलसर राहते." गोळी मी पाहिलेलीसुद्धा नाही!

तिसरी जागा रिकामी राहिली. तिथे शिट्टीमाळ घातली — कुकरची शिट्टी झाली की एक मणी सरकवायचा. आमच्या चाळीत! इथे शिट्टी कुणाच्या कुकरची तेच कळत नाही. शेजारच्या शिट्ट्या मोजून आमचा भात कच्चा उतरतो. हिला कोण मत देणार?

२८ सप्टेंबर, रविवार

शिट्टीमाळ — एक्कावन्न मतं! बाकी दोन चिठ्ठ्यांना मिळून एकोणीस. वरच्या मजल्यावरची अनुजा म्हणाली, "भात करपला तर निदान पुरावा राहील."

प्रिती जिन्यातच ओरडली, "माळ माझी!" आणि मिठी मारली — नानांसमोर! मी विचारलं, मग घरातलं कोकम? "रोज सोलकढी कोण मागत होतं रे?"

संध्याकाळी समोरच्या खोलीतल्या कौसल्याकाकू आल्या. हातात ताटली. "ओलसर खंय रे, दीपका? बघ." वरून एक गोळी सोडली. टणकन वाजली.



२९ सप्टेंबर

प्रिती खाटेवर मणी पसरून बसली आहे. रंग लावून बघतेय. गुणगुणतेय.

उद्या : फळ्यावर लिहिणे — सतराव्या चिठ्ठीचं कारण खोटं होतं, मतदान परत घ्या.